गुगामलची सहल : ऋतू कोणता आणि कशासाठी?

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागात सातपुडा पर्वताची जी शाखा गाविलगडचे डोंगर या नावाने ओळखली जाते, तिच्या कुशीत गुगामल राष्ट्रीय उद्यान वसले आहे. या उद्यानाचे क्षेत्र 361.28 चौरस किलोमीटर असून ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा गाभा होय. 1973 मध्ये देशात व्याघ्र संरक्षणाची योजना सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. महाराष्ट्रातील तो पहिला व्याघ्र प्रकल्प ठरला. घाटांचा मेळ तो मेळघाट, ही नावाची फोड येथील भूरचना पाहिल्यावर सहज पटते. डोंगरामागे डोंगर, त्यांच्यामध्ये खोल दऱ्या आणि सपाट जमीन मात्र अभावानेच आढळणारी, असा हा प्रदेश आहे. वैराट येथे त्याची उंची 1,178 मीटरपर्यंत जाते.

शाळांच्या सहली, पंचायत सदस्यांचे अभ्यासदौरे किंवा कौटुंबिक प्रवास यांचा विचार सुरू झाला की पहिला प्रश्न असतो तो "केव्हा जावे?" हा. "हिवाळ्यात जावे" हे त्याचे रूढ उत्तर आहे. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. एकच अरण्य वर्षातून तीन वेळा आपले रूप पालटते आणि त्याच्याबरोबर तेथील माणसांचे जीवनही पालटते. तेव्हा काय पाहावयाचे आहे, हे आधी ठरवून मग महिना निवडणे अधिक युक्त होय.

या विचाराचे मूळ पाण्यात आहे. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या मेळघाटातील पाच प्रमुख नद्या असून त्या सर्व तापीला मिळतात. जमीन काळ्या पाषाणाची आणि उतार तीव्र असल्याने पावसाचे बरेचसे पाणी वाहून जाते. उन्हाळा सुरू झाला की नद्यांची पात्रे कोरडी पडतात आणि केवळ खोल जागी पाणी उरते. या जागांना 'डोह' म्हणतात. वर्षातील अखेरचे तीन-चार महिने वाघापासून मुंगसापर्यंत सर्वांचा जीव या डोहांवर आणि वनविभागाने तयार केलेल्या पाणवठ्यांवर अवलंबून असतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर प्रत्येक ऋतूतील दृश्याचा अर्थ लागू लागतो.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ प्रवासाला सर्वांत सुखकर. ओढे वाहते असतात, हवा स्वच्छ असते आणि चिखलदऱ्याच्या पठारावरून दूरवरच्या रांगा स्पष्ट दिसतात. मात्र वन्य प्राणी पाहण्याच्या दृष्टीने हा काळ तितकासा अनुकूल नव्हे. गवत उंच, झाडोरा दाट आणि पाणी जागोजाग उपलब्ध. मग प्राण्यांनी रस्त्याजवळ यावे तरी कशासाठी? वाघ पाहण्याच्या अपेक्षेने आलेले विद्यार्थी निराश होऊन परततात, याचे कारण बहुधा येथे असते. शिक्षकांनी निघण्यापूर्वीच वर्गात हे सांगून ठेवावे. त्याऐवजी गाविलगडचा किल्ला पाहावा. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी हा किल्ला रघूजी भोसल्यांकडून घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. इतिहासाच्या पुस्तकातील ही ओळ तटबंदीवर उभे राहून शिकविता येते.

थंडीबद्दल एक सूचना आवश्यक आहे. दिवसा चिखलदरा पायथ्याच्या गावांपेक्षा साधारण चार-पाच अंशांनी थंड असते, कारण उंची वाढते तसे तापमान उतरते. परंतु निरभ्र रात्री जड झालेली थंड हवा उतारावरून खाली सरकते आणि दरीत साचून राहते. त्यामुळे सेमाडोह किंवा कोलकास येथे नदीकाठी मुक्काम असेल, तर पहाटेची थंडी पठारापेक्षाही अधिक जाणवू शकते. "आपण तर खाली उतरणार" असे म्हणून मुलांच्या अंथरुणा-पांघरुणात कपात करू नये.

फेब्रुवारीत सागाची पाने गळू लागतात. पळस फुलतो, काटेसावर फुलते आणि एरवी आडोशाला असणारे अरण्य आरपार दिसू लागते. पक्षिनिरीक्षकांना हा काळ विशेष मोलाचा आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड 1884 नंतर शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले नव्हते आणि ते नामशेष झाल्याचा समज रूढ होता. 1997 मध्ये खानदेशात ते पुन्हा आढळले आणि पुढे मेळघाटातही त्याची वस्ती असल्याचे दिसून आले. हा पक्षी दिवसाही वावरतो. त्यामुळे पर्णहीन फांदीवर तो दिसण्याची शक्यता असते. त्याला बोलावून घेण्यासाठी आवाजाची ध्वनिफीत वाजविण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. अशा आवाजाने विणीच्या काळात पक्षी घरटे सोडून विनाकारण धावपळ करतो.

येथून पुढचा काळ प्राणिदर्शनाचा तसाच जोखमीचाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वनविभाग आगीचा हंगाम मानतो. वाळलेल्या सागाच्या पानांचा थर, कोरडे गवत आणि वारा यांच्या संगतीत विडीचे एक थोटूक पुरेसे होते. वनरक्षक व मजूर आगीला अटकाव करण्यासाठी जाळरेषा साफ करतात आणि पुढे भर उन्हात टेहळणी करतात. याच दिवसांत मोहाची फुले गळतात. फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची जुनी रीत आहे आणि तीतून आग पसरल्याचे प्रकार घडतात. यावर केवळ दंडाचा धाक पुरत नाही. झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरून फुले गोळा केल्यास पाचोळा जाळण्याचे कारणच उरत नाही आणि फूलही स्वच्छ मिळते. जंगलालगतच्या ग्रामपंचायतींनी ही गोष्ट हाती घेण्यासारखी आहे. प्रवाशांपुरते बोलावयाचे तर या चार महिन्यांत वनक्षेत्रात चूल, शेकोटी आणि धूम्रपान पूर्णपणे वर्ज्य समजावे. सहलीचा स्वयंपाक गावातच उरकावा अथवा गावातील महिला बचत गटाला सांगावा.

एप्रिल व मे महिन्यांत गवा, सांबर, अस्वल, रानकुत्रे हे प्राणी डोहांकडे येतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री चंद्रप्रकाशात मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा आहे आणि तीत सहभागी होण्यासाठी वनविभागाकडे आधी अर्ज करावा लागतो. रात्रभर न बोलता, न हालता बसावयाचे असल्याने लहान मुलांना सोबत नेण्याचा आग्रह धरू नये.

पाण्याच्या जोडीला गवताचाही उल्लेख केला पाहिजे. बोरी, कोहा आणि कुंड या गावांचे 2001 पासूनच्या काही वर्षांत वनाबाहेर पुनर्वसन झाले. त्यांच्या मोकळ्या झालेल्या शेतजमिनींवर आज कुरणे आहेत आणि तेथे गवे व सांबरे चरतात. वन्यजीवांच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद आहे. परंतु त्या कुरणाकडे पाहताना तेथे कोणाचे तरी अंगण होते, हेही मार्गदर्शकाने सांगावे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कारण मेळघाट हे निर्मनुष्य अरण्य नव्हे. कोरकू हा येथील प्रमुख समाज. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातील नसून मुंडा कुळातील आहे आणि या कुळाच्या भाषांत ती सर्वांत पश्चिमेकडे बोलली जाते. होळी हा त्यांचा मोठा सण. कामासाठी दूर गेलेली माणसे होळीला गावी परततात. होळीनंतर मेघनाथाच्या यात्रा भरतात, तर दिवाळीनंतर घुंगरू बाजार. या प्रसंगी पाहुण्यांचे स्वागत होते. मात्र नाचणाऱ्यांना विचारल्याखेरीज छायाचित्रे काढणे हा त्यांच्या घरात न विचारता शिरण्याचाच प्रकार आहे.

पावसाळ्यात हा प्रदेश विलक्षण देखणा होतो. चिखलदऱ्यास कड्यांवरून धबधबे कोसळतात आणि धुके इतके दाटते की हाकेच्या अंतरावरचा माणूस दिसत नाही. भीमाने कीचकाचा वध येथे केला आणि कीचकदऱ्याचे चिखलदरा झाले, अशी आख्यायिका आहे; जुलैत येणाऱ्यास नावाची निराळी व्युत्पत्ती सुचल्यास नवल नाही. उद्यानातील सफारी या काळात साधारणतः बंद असते आणि ते योग्यच आहे, कारण कच्चे रस्ते वाहनांनी खचतात. सुटीच्या दिवशी घाटात वाहनांच्या रांगा लागतात. धुक्यात वाहन थांबवून रस्त्यावर उतरणे, धबधब्याच्या कड्याशी जाणे यांतून अपघात घडतात. शाळेच्या सहलीसाठी हा ऋतू निवडू नये, हेच बरे.

ज्या पावसाने प्रवासी हर्षित होतो, तोच पाऊस दुर्गम पाड्यांना कठीण जातो. जुने धान्य संपत आलेले, नवे अद्याप शेतात, ओढ्यांना पूर आणि दवाखान्याचा रस्ता तुटलेला, अशी स्थिती होते. 1993 मध्ये बालमृत्यूंमुळे मेळघाटचे नाव देशभर गेले. तेव्हापासून पावसाळ्यापूर्वी धान्य व औषधे पोहोचविणे हा येथील प्रशासनाच्या कामाचा महत्त्वाचा भाग आहे. अभ्यासदौऱ्यावर येणाऱ्या अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी जमल्यास मे महिन्याच्या अखेरीस यावे आणि ही पूर्वतयारी प्रत्यक्ष पाहावी.

पंचायत सदस्यांसाठी दुसरा उपयुक्त काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, म्हणजे सीताफळांचा. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या गावाला 2012 मध्ये 192 हेक्टर जमिनीवर सामूहिक वनहक्क मिळाला. ओसाड झालेली ती जमीन ग्रामस्थांनी राखली, तेथे झाडे लावली आणि सीताफळांची विक्री संघटितपणे सुरू केली. 2014 मध्ये या गावाचा जैवविविधता पुरस्काराने गौरव झाला. वाघ पाहण्यासाठी निघालेल्या मंडळींनी वाटेत तेथे अर्धा दिवस काढावा. ग्रामसभेचे निर्णय कसे होतात, राखणीची पाळी कशी ठरते, पैसा कोठे जातो, हे विचारावे.

प्रवासाची व्यवस्था सोपी आहे. रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती आणि तेथून मोटारीने परतवाडा गाठावे. अमरावती-परतवाडा अंतर सुमारे 50 किलोमीटर आहे. परतवाड्यातून एक रस्ता चिखलदऱ्याकडे व दुसरा सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जातो. इंधन, औषधे व रोख रक्कम परतवाड्यातच घेऊन ठेवावी, कारण पुढे अनेक ठिकाणी दूरध्वनीही लागत नाही. निवास व सफारीची नोंदणी आधी करावी आणि प्रवेशाच्या तारखा त्या त्या वर्षी वनविभागाकडून तपासून घ्याव्यात. घाटातील प्रवास सूर्यास्तापूर्वी संपेल अशा बेताने निघावे. एका तुकडीत चाळीसहून अधिक विद्यार्थी नसावेत. त्याहून मोठा जमाव असेल, तर वनरक्षकाचे बोलणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही.