डल्सिमरचा स्वर का चुकतो?

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलेशियन पर्वतप्रदेशात डल्सिमर नावाचे एक साधे तंतुवाद्य प्रचारात आहे. लांबट पोकळ पेटी, तिच्यावर मधोमध बसविलेली उंच पट्टी आणि त्या पट्टीवर ताणलेल्या तीन किंवा चार तारा, एवढीच त्याची रचना. वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजवितात. जुन्या पद्धतीत चाल एका बाजूच्या तारेवर वाजते आणि उरलेल्या तारा तंबोऱ्याप्रमाणे आधारस्वर देत राहतात. केंटकी राज्यातील गायिका जीन रिची (१९२२–२०१५) यांच्यामुळे हे डोंगरी वाद्य विसाव्या शतकाच्या मध्यास शहरांतही परिचित झाले.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे सरकविता येतात. डल्सिमरचे पडदे मात्र लाकडात पक्के बसविलेले असतात. स्वर चुकू लागला की पडदाच उपटावा, असा मोह होतो. परंतु घाईने उपटलेल्या पडद्यामुळे चांगले वाद्यही कायमचे बिघडू शकते. म्हणून दोष कोठे आहे, हे आधी निश्चित केले पाहिजे.

तारेचा ताण कायम असेल, तर तिची कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. खुंट्यांच्या बाजूस तारेला टेकू देणारी आडपट्टी आणि दुसऱ्या टोकाची घोडी यांतील अंतर ७०० मिलिमीटर आहे असे समजू. सातवा पडदा तारसप्तकाच्या षड्जाचा. तो आडपट्टीपासून ३५० मिलिमीटरांवर हवा. चौथा पंचमाचा, तेथे तारेचा दोन-तृतीयांश भाग मोकळा राहतो, म्हणून त्याचे अंतर सुमारे २३३ मिलिमीटर येते.

परीक्षेचा आरंभ तारेपासून करावा. गंजलेली वा झिजलेली तार सर्वत्र सारख्या जाडीची राहत नाही. ती कोणत्याच पडद्यावर खरी बोलत नाही. नवी तार चढवून ती स्थिर होऊ द्यावी. नंतर तारेच्या बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून छेडावे, म्हणजे स्वयंभू स्वर निघतो. त्याची तुलना सातव्या पडद्यावर दाबून काढलेल्या स्वराशी करावी. दाबलेला स्वर चढा असेल, तर घोडी आडपट्टीपासून किंचित दूर सरकवावी. उतरलेला असेल, तर जवळ आणावी. दाबण्याने तारेचा ताण थोडा वाढतो, म्हणून घोडी गणिताने येणाऱ्या जागेच्या किंचित पलीकडेच असावी लागते.

सप्तक जुळूनही आडपट्टीजवळचे पहिले एक-दोन स्वर चढेच लागत असतील, तर आडपट्टी फार उंच आहे असे समजावे. सर्व स्वर जुळत असून एकच चुकत असेल, तरच त्या पडद्यावर संशय घ्यावा व त्याचे अंतर मोजावे. सातव्या पडद्यापाशी एका मिलिमीटरच्या चुकीने स्वर सुमारे ५ सेंट ढळतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग.

दोन गोष्टी दोषासारख्या भासतात, पण त्या दोष नव्हेत. मोकळी तार षड्ज मानली, तर सहाव्या पडद्यावर कोमल निषाद येतो. पडद्यांची मूळ मांडणी आपल्या खमाज थाटासारखी आहे. शुद्ध निषादासाठी अनेक कारागीर पुढे एक जादा पडदा बसवितात. दुसरी गोष्ट गांधाराची. सप्तकाचे बारा समान भाग पाडले, तर दुसरा पडदा १४४.४ मिलिमीटरांवर येतो. ५:४ या नैसर्गिक प्रमाणाने मात्र १४० मिलिमीटरांवर. अशा पडद्याचा स्वर यंत्रावर सुमारे १४ सेंट उतरलेला दिसतो, परंतु आधारस्वराशी तो अधिक गोड मिळतो. कानाने पडदे बसविणाऱ्या कारागिराने तो जाणूनबुजून तेथे ठेवलेला असू शकतो.

सारांश, आधी तार, मग घोडी, त्यानंतर आडपट्टी आणि सर्वांत शेवटी पडदा, हाच परीक्षेचा योग्य क्रम होय. मोजपट्टी आणि कान या दोघांचीही साक्ष मिळाल्यावाचून पडद्याला हात लावू नये.