मत्स्यतळ्यातील पाणी आणि प्लवकांची निगा

१९७० साली सिडकोची स्थापना झाली, त्यापूर्वी आजच्या नवी मुंबईचा बराचसा पट्टा भातखाचरे, मिठागरे व खाडीकिनारा यांनी व्यापलेला होता. पनवेल, उरण परिसरात खारबंदिस्तीच्या आत पावसाचे पाणी साठवून मासे वाढविण्याची रीत जुनी आहे. अशा खाजगी तळ्यातील मासे एखाद्या पहाटे मरून तरंगू लागले, की कोणी विष घातले असावे असा संशय घेतला जातो. पुष्कळदा खरे कारण पाण्यातील प्राणवायू संपणे हे असते.

प्लवक : अन्न आणि धोका

पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना प्लवक म्हणतात. वनस्पती प्लवक सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व प्राणवायू सोडतात. त्यांवर प्राणी प्लवक जगतात आणि कटला माशाचे ते मुख्य खाद्य होय. मात्र रात्री हेच वनस्पती प्लवक प्राणवायू वापरतात. म्हणून पाणी फार हिरवे झाले असता सूर्योदयापूर्वी प्राणवायू सर्वांत कमी होतो. पावसाळ्यातील सलग ढगाळ दिवसांत हा धोका वाढतो.

परीक्षा कशी करावी ?

२० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडावी. ती ३० ते ४० सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाल्यास प्लवक योग्य प्रमाणात आहेत. २० सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी झाल्यास ते अति झाले आहेत. तबकडी नसेल तर कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसतो का, ते पाहावे. गढूळपणा मातीचा असेल तर ही परीक्षा फसवी ठरते. म्हणून पाण्याचा रंगही पाहावा. सामू ७.५ ते ८.५ आणि प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम असणे इष्ट होय.

उपाययोजना

बीज सोडण्यापूर्वी सुमारे पंधरा दिवस, माती व पाण्याचा सामू पाहून, गुंठ्याला दोन ते अडीच किलो चुना आणि त्यानंतर सुमारे २० किलो शेणखत द्यावे. पुढील हप्ते पाण्याचा रंग पाहूनच द्यावेत. पाणी आधीच गर्द हिरवे असताना खत घालणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. मासे पहाटे पृष्ठभागी येऊन तोंड उघडू लागल्यास खत व खाद्य तत्काळ थांबवावे, ताजे पाणी सोडावे आणि पंपाने पाणी उंचावरून पाडून घुसळावे. भरतीचे पाणी घेण्यापूर्वी मात्र त्याची क्षारता व स्वच्छता तपासावी. गोड्या पाण्यातील कटला, रोहू व मृगळ यांना अधिक क्षार सोसत नाहीत.

पंचायत सदस्यांनी तळेधारकांना ही साधी परीक्षा दाखवावी. शिक्षकांनी शाळेत तबकडी तयार करून घ्यावी आणि विद्यार्थ्यांकडून दर आठवड्याची नोंद ठेवून घ्यावी. पाण्याचा रंग वेळीच वाचता आला, तर वर्षभराचे कष्ट एका रात्रीत वाया जाणार नाहीत.