घोरणे : थट्टेचा विषय की आजाराची खूण?

घरात कोणी मोठ्याने घोरू लागले की आपण हसतो. ‘काय ढाराढूर झोपलाय!’ असे कौतुकही करतो. दिवसभर कष्ट केले की माणूस घोरणारच, अशी आपली समजूत आहे. ही समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. म्हणून घोरण्याची कारणे, त्यातील धोके व उपाय यांची माहिती आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

घोरणे आणि श्वास अडणे

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते व हवेची वाट अरुंद होते. त्या वाटेने हवा जाताना टाळूचा मऊ भाग व पडजीभ थरथरतात. त्या थरथरीचा आवाज म्हणजे घोरणे. साधे घोरणे बहुधा शेजारी झोपणाऱ्यालाच त्रास देते.

परंतु काही जणांची ही वाट मधूनमधून बंदच होते. छाती-पोट हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो. मग मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो व मोठा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. या विकारास ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. श्वास १० सेकंद किंवा अधिक काळ थांबला अथवा बराच मंदावला, तर तो एक अडथळा मोजतात. तासाला ५ ते १५ अडथळे असल्यास आजार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम व त्याहून अधिक असल्यास तीव्र समजतात. तासाला ३० म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी श्वास अडतो; रोग्याला मात्र सकाळी बहुधा काहीच आठवत नाही.

कारणे

१. वाढलेले वजन व मानेभोवतीची चरबी.
२. लहान किंवा मागे असलेला जबडा. त्यामुळे सडपातळ माणसालाही हा विकार होऊ शकतो.
३. मद्यपान व झोपेच्या गोळ्या.
४. वाढते वय, स्त्रियांमध्ये विशेषतः पाळी गेल्यानंतर.
५. मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल व ॲडिनॉइड.

नाक चोंदणे व उताणे झोपणे यांमुळे त्रास वाढतो.

धोके

सकाळी डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, दिवसा डुलक्या येणे व चिडचिड ही नेहमीची लक्षणे होत. उपचार न झाल्यास उच्च रक्तदाब, हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. वाहनचालकाची एक डुलकी अनेकांच्या जिवावर बेतते. विद्यार्थ्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही आणि आपण त्याला आळशी ठरवतो. प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचा उल्लेख केला होता.

तपासणी व उपचार

रात्रभर झोपेत श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके व मेंदूच्या लहरी यांची नोंद घेऊन निदान होते. काही रोग्यांची तपासणी आता लहान यंत्राने घरीही करता येते.

वजन कमी करणे, मद्य सोडणे व कुशीवर झोपणे याने बराच फरक पडतो. मध्यम व तीव्र आजारावर ‘सीपॅप’ यंत्र हा मुख्य उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ही पद्धत मांडली. नाकावरील मास्कमधून हलक्या दाबाची हवा येते व घशाची वाट उघडी राहते. यंत्र रोज वापरले तरच गुण येतो. काहींना जबडा पुढे धरणारे दातांचे साधन उपयोगी पडते. मुलांमध्ये पुष्कळदा टॉन्सिल व ॲडिनॉइडच्या शस्त्रक्रियेने आजार दूर होतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्थूल रोग्यांसाठी ‘टिर्झेपटाइड’ या इंजेक्शनला मान्यता मिळाली. मात्र असे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

आपले कर्तव्य

हा आजार रोग्याला स्वतःला दिसत नाही. तो घरातल्या माणसांना दिसतो. शेजारी झोपलेल्याचे घोरणे मध्येच थांबले, काही क्षण शांतता झाली व तो धडपडून श्वास घेऊ लागला, तर सकाळी त्याला ते नीट सांगावे. शक्य असल्यास मोबाईलवर आवाज टिपून डॉक्टरांना ऐकवावा. स्त्रिया संकोचाने घोरण्याबद्दल बोलत नाहीत; त्यांचीही तपासणी व्हावी. आपण थट्टा थांबवली, तरच रोगी मोकळेपणाने डॉक्टरांकडे जाईल. सभासदांनी व विद्यार्थी मित्रांनी ही माहिती आपापल्या घरी जरूर सांगावी, अशी आमची विनंती आहे.