खालचा मल्ल निसटू नये म्हणून

प्रश्न : वय १७. घोटी परिसरातल्या जत्रांत कुस्त्या खेळतो. पट काढून समोरच्याला खाली घेतो, पण बाजूने वर असूनही ताबा टिकत नाही. काय करू? – एक वाचक, घोटी

उत्तर : डाव नंतर, आधी वजन. गुडघे मातीत टेकलेस की तुझा भार जमीन घेते, त्याला काहीच जाणवत नाही. गुडघे उचल, चवड्यांवर ये, छाती त्याच्या बरगडीवर तिरकी दाब. एक हात कंबरेभोवती, दुसरा त्याच्या मनगटावर. मनगट ओढलंस की त्याचा आधार जातो. तो वळेल तिकडे तूही सरक. एका जागी चिकटून राहणारेच फसतात.

मातीत माझा आवडता डाव घिस्सा. मागून लांगेची पकड, दुसऱ्या हाताने मान खाली, आणि तो उठायला कंबर वर करतो त्याच क्षणी उलटवायचं. मॅटवर कपडा धरता येत नाही. तिथे कंबरेला घट्ट मिठी मारून लोळव. पाठ मॅटकडे वळली की २ गुण. नुसता वर बसून राहिलास तर पंच उभं करतात. गुण हलका समजू नकोस : नाशिककडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरने २०२० ची महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत ३-२ अशी जिंकली.

घिस्सा मात्र वस्तादांसमोरच घोटव. मान अडकली असेल तर जोर करू नकोस, पकड सोड.