उन्हातला माळ

(महाराष्ट्रात राजस्थानसारखे वाळवंट नाही, पण कमी पावसाची, उघडी, गवताळ माळराने आहेत. सोलापूरजवळच्या अशाच एका माळरानाच्या भेटीचे वर्णन एका विद्यार्थिनीने या पाठात केले आहे.)

आमचे गाव हिमायतनगर. पैनगंगा नदी आमच्या गावापासून जवळच आहे. किनवटच्या बाजूला निघाले की सागाचे जंगल लागते. त्यामुळे जंगल म्हणजे दाट झाडी, एवढेच मला ठाऊक होते. जेथे झाडे नाहीत, तेथे प्राणी तरी कसे राहतील, असे मला वाटे.

माझे मामू सोलापूरला राहतात. दिवाळीच्या सुटीत अम्मी आणि मी त्यांच्याकडे गेलो. नांदेडहून एस. टी. निघाली. लोहा, अहमदपूर, लातूर, औसा, तुळजापूर ही गावे मागे पडली. जसजसे पुढे जावे, तसतशी झाडी विरळ होत गेली आणि आकाश मोठे होत गेले.

रात्री जेवताना मामू म्हणाले, "उद्या तुला नान्नजचे माळढोक अभयारण्य दाखवतो."

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने सुमारे 20 किलोमीटरवर नान्नज आहे. सकाळीच आम्ही तेथे पोहोचलो. परवानगी घेतली. एक वनरक्षक काका आमच्याबरोबर आले. समोर पाहिले तर नजर पोहोचेल तेथपर्यंत पिवळे गवत! मधूनच एखादे बोरीचे झुडूप किंवा बाभळीचे झाड. बाकी सारे ऊन.

मी म्हणाले, "मामू, येथे तर काहीच नाही!"

मामू हसले. त्यांनी माझ्या हातात दुर्बीण दिली आणि म्हणाले, "आधी गप्प बस. मग बघ."

आम्ही आडोशाला बसलो. बराच वेळ काही दिसले नाही. मग जवळचाच एक दगड हलला. तो दगड नव्हता. तो धाविक नावाचा पक्षी होता! तो चार पावले तुरुतुरु धावला आणि थांबला. थांबताच पुन्हा मातीत मिसळून गेला. एक चंडोल गात गात आकाशात चढला. गवतावरून एक मोठा पक्षी तरंगत गेला. "हा भोवत्या," काका म्हणाले. "हा मध्य आशियातून हिवाळ्यात आपल्याकडे येतो. नाकतोडे आणि उंदीर खातो. शेतकऱ्यांचा दोस्तच म्हणा ना!"

तेवढ्यात काळविटांचा कळप दिसला. नर काळाभोर, त्याची शिंगे पिळदार. माद्या मात्र गवताच्याच रंगाच्या. चाहूल लागताच सारा कळप उड्या मारत दूर गेला. काका म्हणाले, "काळविटाला दाट जंगल नको असते. शत्रू लांबून दिसावा आणि पळायला मोकळी जागा असावी, म्हणजे झाले. येथे लांडगे आणि खोकडही आहेत. दुपारी ऊन वाढले की सारे सावलीला किंवा बिळात जातात."

मी विचारले, "आणि माळढोक?"

काका क्षणभर गप्प राहिले. मग सांगू लागले, "माळढोक सुमारे एक मीटर उंच असतो. नराचे वजन 15 किलोपर्यंत भरते. एवढा जड असूनही तो उडतो. पूर्वी तो या माळावर नेहमी दिसे. त्याच्यासाठीच 1979 मध्ये हे अभयारण्य झाले. तेव्हा त्याचे क्षेत्र 8496 चौरस किलोमीटर होते. त्यात कितीतरी गावे आणि शेते आली. जमिनीचे व्यवहार करणे लोकांना अवघड झाले. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे 1222 चौरस किलोमीटर करण्यात आले. आता माळढोक दिसला, तर नशीबच समजायचे."

"तो कोठे गेला?"

"त्याची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्री ते खातात, गुरांच्या पायांखाली ते फुटते. पूर्वी लोक शिकारही करत. माळ नांगरले गेले. विजेच्या तारा त्याला समोरून नीट दिसत नाहीत. तो त्यांवर आदळून मरतो. आणि आपण माळाला 'पडीक जमीन' म्हणतो! तेथे दाट झाडे लावली, तरीसुद्धा त्याचे घर मोडते."

मी चकित झाले. झाडे लावणे नेहमीच चांगले, असे मी समजत होते.

आता साऱ्या भारतात मिळून फारच थोडे माळढोक उरले आहेत. त्यांतील बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटी भागात आहेत. तेथे त्याला गोडावण म्हणतात. जैसलमेरजवळ सम येथे 2019 पासून त्याची अंडी उबवून पिल्ले वाढवली जात आहेत. प्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी माळढोकला राष्ट्रीय पक्षी करावे, असे सुचवले होते. पण 1963 मध्ये तो मान मोराला मिळाला. याच सालिम अलींनी 1930 च्या दशकात हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली होती. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.

दिवस मावळेपर्यंत आम्ही थांबलो. माळढोक दिसला नाही. परतताना मामू म्हणाले, "वाईट वाटले ना? मलाही वाटते. मी दरवर्षी येतो."

सुटी संपवून आम्ही घरी आलो. गावाबाहेरच्या गायरानाजवळून मी रोज जाते. पण तेथे कधी थांबले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या भावाला घेऊन मी तेथे जाऊन बसले. भाऊ म्हणाला, "आपा, येथे तर काहीच नाही!"

मी म्हणाले, "आधी गप्प बस. मग बघ."

थोड्या वेळाने समोरचे एक ढेकूळ हलले.

शब्दार्थ
माळ, माळरान – झाडे नसलेली उघडी, गवताळ जमीन
विरळ – दाट नसलेली
आडोसा – लपण्याची जागा
चाहूल – कोणी आल्याची जाणीव
खोकड – लहान कोल्ह्यासारखा प्राणी
गायरान – गावाची गुरे चारण्याची जमीन
ढेकूळ – मातीचा गोळा

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नान्नज सोलापूरपासून किती अंतरावर आहे?
(आ) राजस्थानात माळढोकला काय म्हणतात?
2. माळढोक कमी होण्याची तीन कारणे लिहा.
3. अभयारण्याचे क्षेत्र कमी का करावे लागले? पक्षी आणि शेतकरी या दोघांचाही विचार करून तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
4. 'दुर्बीण', 'जमीन', 'नजर', 'दोस्त' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी दोन शब्द शोधा.
5. तुमच्या गावाजवळच्या मोकळ्या जागेत अर्धा तास शांत बसा. काय काय दिसले, ते मराठीत लिहा.