एसजीपीटी वाढला म्हणजे नेमके काय?

"सिस्टर, मी कधी थेंबसुद्धा घेतला नाही. मग माझं लिव्हर खराब कसं?"

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी मला हे विचारले. त्या चार घरची धुणीभांडी करत. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला होता. तोंडाला चव नव्हती, रोज उलट्या होत होत्या. रक्त तपासले तर एसजीपीटी 148 आला. रिपोर्ट त्यांनी पदराखाली लपवून आणला होता, कारण घरात कोणीतरी म्हणाले होते, "लिव्हर दारूनेच जातं." गोळ्या बंद करायच्या आणि काविळीची माळ घालायची, असे घरच्यांनी ठरवून टाकले होते.

त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते. आधी रिपोर्ट समजून घेऊ.

आकडा काय सांगतो?

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या, म्हणजे लिव्हरच्या पेशींमधली रसायने आहेत. काही रिपोर्टवर त्यांनाच एएलटी आणि एएसटी लिहितात. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. साधारण 40 पर्यंतचा आकडा ठीक मानतात, पण प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते. ती आपल्या आकड्याशेजारीच छापलेली असते.

तांदळाची पिशवी फाटली की तांदूळ जमिनीवर सांडतात. सांडलेले तांदूळ पाहून पिशवी फाटली एवढे कळते. ती उंदराने कुरतडली की खिळ्याला अडकली, हे तांदूळ सांगत नाहीत. एसजीपीटीचेही तसेच आहे. तो आजाराचे नाव नाही. इजा झाली आहे, कारण शोधा, एवढेच तो सांगतो.

आणखी एक गोष्ट. पिशवीत तांदूळच उरले नसतील तर सांडणार काय? यकृत फार खराब झालेल्या काही रुग्णांत हा आकडा जवळपास नॉर्मल येतो. म्हणून यकृताचे काम कसे चालले आहे हे पाहायला डॉक्टर बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याची तपासणीही बघतात.

कारणे कोणती?

फॅटी लिव्हर: यकृतात चरबी साठणे हे आकडा थोडा वाढण्याचे आज नेहमी सापडणारे कारण आहे. पोटाचा घेर बाईचा 80 सेंटिमीटरपेक्षा आणि पुरुषाचा 90 पेक्षा जास्त असेल, साखरेचा आजार असेल, तर आधी याचा विचार होतो. यावर मुख्य उपाय वजन उतरवणे. 70 किलोच्या माणसाने सावकाश 5 ते 7 किलो कमी केले तरी चांगला फरक पडतो. दिवसातून चार-पाच वेळा होणारा गोड चहा, कोल्ड्रिंक, वडापाव, फरसाण यांवर हात आखडता घ्यावा आणि रोज अर्धा तास भरभर चालावे.

दारू: दारूमुळे इजा झाली असेल तर बहुधा एसजीओटी हा एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त असतो. पण हाही फक्त इशारा आहे, पुरावा नाही. पाचवे शील काटेकोर पाळणाऱ्या घरातही एसजीपीटी वाढतो, म्हणून रिपोर्ट पाहून कोणावर आळ घेऊ नका. आणि घरात कोणी खरेच रोज पीत असेल, तर त्याला ओरडून एका दिवसात सोडायला लावू नका. अचानक सोडल्यावर हातपाय कापतात, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीत सोडवा.

हिपॅटायटीस बी आणि सी: हे विषाणू रक्तातून, दूषित सुईतून, शारीरिक संबंधातून आणि आईकडून बाळाला पोहोचतात. वर्षानुवर्षे काहीच त्रास होत नाही आणि आत यकृत खराब होत राहते. 2018 पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात यांची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. सी बहुतेकांचा साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, बी औषधाने आटोक्यात राहतो. बाळाला बी ची पहिली लस जन्मानंतर 24 तासांच्या आत मिळाली पाहिजे. बाळंतपणाला जाताना ही मागणी विसरू नका.

हिपॅटायटीस ए आणि ई: ही दूषित पाण्याची कावीळ. गटाराशेजारून जाणारी नळाची पाइप फुटली की वस्तीत एकदम अनेकांना होते. आकडा हजाराच्या वरही जातो. बहुतेक जण विश्रांतीने बरे होतात. म्हणूनच माळेला श्रेय मिळते! माळेच्या काड्या वाळतात, गाठी सैल होतात आणि ती लांबते. कोणाच्याही गळ्यात लांबेल. मात्र गरोदर बाईला ई ची कावीळ जिवावर बेतू शकते. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

औषधे: टीबीच्या काही गोळ्या यकृताला झेपत नाहीत. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाने दिवसभरात 4 ग्रॅमपेक्षा, म्हणजे 500 च्या आठ गोळ्यांपेक्षा जास्त कधीही घेऊ नये. दारू पिणाऱ्याला आणि अशक्त माणसाला एवढीही चालत नाही. सर्दीच्या गोळीतही ते असते, हे लक्षात ठेवा. झाडपाल्याचे औषध निर्धोक असतेच असे नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत.

अंगमेहनत: एसजीओटी स्नायूंतही असते. दिवसभर गोणी उचलल्यावर दुसऱ्या दिवशी रक्त दिले तरी आकडा वाढू शकतो. काय काम करता ते डॉक्टरांना जरूर सांगा.

रिपोर्ट हातात आला की

घाबरू नका आणि लपवूही नका. घेत असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. "लिव्हर वीक आहे" म्हणून टॉनिकची बाटली मिळाली, तर नम्रपणे विचारा: आकडा कशामुळे वाढला? बी आणि सी ची तपासणी करायची का? सोनोग्राफी लागेल का? पुन्हा रक्त कधी तपासायचे? हे प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे.

डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, उलट्या न थांबणे, पोट फुगणे, रक्ताची उलटी, काळी शौच, गुंगी किंवा बरळणे यांतले काहीही दिसले तर उद्याची वाट पाहू नका.

आता त्या ताई. आम्ही माळेकडे न जाता टीबी केंद्रात गेलो. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, रक्त पुन्हा तपासले आणि आकडा उतरल्यावर एकेक औषध जपून परत सुरू केले. गोळ्या डॉक्टरांनी थांबवणे आणि आपल्या मनाने सोडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मनाने सोडल्या असत्या, तर टीबी उलटला असता आणि घरातल्या लेकरांनाही लागला असता. उपचार लांबला, पण पूर्ण झाला. आज त्या पुन्हा कामावर जातात. शेजारच्या बाईचा रिपोर्ट आला की आता त्याच तिला सोबत घेऊन दवाखान्यात जातात.

जयभीम.