आंब्याचे कलम

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, जोग नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे आंजर्ले हे गाव वसले आहे. किनाऱ्यालगत नारळी-पोफळींची आगरे, त्यांमागे डोंगराचा चढ आणि वर ‘कड्यावरचा गणपती’ या नावाने प्रसिद्ध असलेले देवालय. या भागातील तांबड्या जांभ्या जमिनीत आंबा चांगला पोसतो. त्यात एक रायवळ, म्हणजे बाठ्यापासून आपोआप वाढलेला. आणि दुसरा हापूस, म्हणजे माणसाने बांधलेला.

‘बांधलेला’ हा शब्द येथे अगदी यथार्थ आहे. हापूसचा बाठा पेरला तर झाड उगवते, त्याला फळेही धरतात. परंतु ती हापूसची असतील असा भरवसा नाही, कारण बीजात बहुधा दुसऱ्या झाडाच्या परागाचा अंश मिसळलेला असतो. म्हणून हापूसची काडीच दुसऱ्या रोपाच्या मुळांवर जगवावी लागते. ही विद्या पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात गोव्यात रुजवली असे मानतात.

पूर्वी कोकणात भेटकलमे बांधीत. कुंडीतील रायवळ रोप हापूसच्या फांदीशेजारी उंचावर ठेवावयाचे, दोघांची साल तासावयाची आणि जखमेला जखम लावून घट्ट बांधावयाचे. फांदी आपल्या झाडावरच असल्याने ती उपाशी राहत नसे. सांधा जुळला की फांदी खालून व रोपाचा शेंडा वरून कापीत. पद्धत खात्रीची खरी, पण एका झाडाभोवती कुंड्या टांगणार तरी किती! दापोलीस १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने कोयकलमाचा पुरस्कार केल्यावर हे काम सोपे झाले. पावसाळ्याच्या आरंभी बाठे रुजत घालतात. पंधरा-वीस दिवसांचे, तांबूस पानांचे कोवळे रोप कापून त्याच्या दांड्याला मधोमध चीर देतात. हापूसच्या काडीचे टोक पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवतात आणि वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात.

कोणतेही कलम असो, त्याचे मर्म एकच आहे. सालीखाली एक पातळ, ओलसर थर असतो. खोडाची जाडी त्याच्यामुळे वाढते. खुंटाचा हा थर आणि काडीचा हा थर परस्परांस टेकले तरच सांधा जुळतो. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर जाणता माळी तिला मधोमध न बसवता एका कडेला सरकवतो. निदान एका बाजूस तरी साल सालीशी मिळावी हा त्याचा हेतू.

पिशवीत वाढलेल्या कलमाचे सोटमूळ तळाशी गुंडाळले जाते. म्हणून काही बागाईतदार खड्ड्यातच बाठे लावतात आणि रोपे वर्षाची झाली की उघड्यावर, जागच्या जागी कलम बांधतात. मूळ सरळ खोल जाते. पण येथे ना सावली, ना आडोसा. कोरड्या हवेत काडी सुकते, तर सांध्यात पाणी शिरले की ती कुजते. त्यासाठी पावसाळ्यातील दमट दिवस साधून, काडीवर प्लास्टिकची टोपी चढवावी लागते. थंड देशांत शोभेच्या निळ्या सूचिपर्णी वृक्षांची कलमे साध्या सूचिपर्णी रोपांवर करतात, तेथेही ओलावा टिकवण्याची हीच चिंता. मात्र तेथे खुंटाचा शेंडा आरंभी कापत नाहीत. काडी बाजूने बसवतात व ती जगल्यावरच शेंडा हळूहळू छाटतात; कारण बहुतेक सूचिपर्णी वृक्ष जुन्या खोडापासून पुन्हा फुटत नाहीत. आंबा फुटतो, हे कोकणचे भाग्यच म्हणावयाचे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. दापोली तालुक्यातील आगरांत नारळी-पोफळी मोडल्या, आंब्याची जुनी झाडे मुळांसकट उलथली. नवे कलम फळाला येण्यास पाच-सहा वर्षे लागतात आणि भरघोस उत्पन्नास त्याहून पुष्कळ अधिक. तेव्हा वाचलेला जुना रायवळ छाटून त्यावर हापूस बांधावा, असा विचार बागाईतदाराच्या मनात येणे स्वाभाविक आहे. खोड कंबरेच्या उंचीवर कापतात, कापलेल्या जागी बोर्डो मलम लावतात. नवे फुटवे आले की त्यांतील जोमदार तेवढे राखून त्यांवर काड्या बांधतात. खोलवर गेलेली मुळे आयतीच मिळतात. तथापि कापलेल्या खोडात भिरूड शिरले तर काडी, खुंट आणि रायवळाची फळे, सारेच हातचे जाते. म्हणून सावध माणूस दोन झाडे छाटतो आणि दोन तशीच ठेवतो. पुढल्या वर्षीच्या कलमांसाठी लागणारे बाठेही त्याला त्या राखलेल्या झाडांखालीच वेचावयाचे असतात.